वाचक विचारतात : दातांवरचं किटण आणि तपासणीची तारीख

दातांच्या नियमित तपासणीबद्दल आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांमध्ये एक वाक्य निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा भेटतं : ‘दात साफ करून घेतले की सैल होतात.’ तेव्हा सुरुवात तिथूनच.

प्रश्न : माझं वय ४६. दोन महिन्यांपूर्वी आयुष्यात पहिल्यांदा दात साफ करून घेतले. त्याआधी काही त्रास नव्हता. आता खालच्या पुढच्या दातांत फटी दिसतात, जीभ सारखी तिथेच जाते, गार पाणी प्यायलं की सणक येते आणि दोन दात किंचित हलतात. सासूबाई म्हणतात, ‘मशीन लावून घेऊ नकोस म्हणून सांगितलं होतं.’ माझं चुकलं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : साफ करून घेण्यात चूक नाही, उशीर मात्र झाला.

दात घासल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा पातळ, बुळबुळीत थर बसायला लागतो. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जे चिकट लागतं ते हेच. मऊ असेपर्यंत हा थर ब्रशने निघतो. राहून गेला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरतं आणि साधारण दहा-बारा दिवसांत त्याचा दगड होतो. काहींच्या तोंडात याहूनही लवकर. हेच किटण. ते एकदा जमलं की ब्रश कितीही जोरात चालवला तरी निघत नाही, उलट हिरडी सोलवटते.

किटण सगळीकडे सारखं बसत नाही. सर्वांत जास्त बसतं ते खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू. गालातल्या मोठ्या लाळग्रंथीची नळी वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर उघडते. उजेडात उभं राहून हातातला छोटा आरसा तोंडापाशी धरा आणि खालच्या दातांची मागची बाजू बघा. हिरडीला लागून पिवळसर, खडूसारखा कठडा दिसला तर ते किटण. हिरडीच्या आत दडलेलं किटण मात्र काळपट आणि जास्त चिवट असतं, ते आरशात दिसत नाही.

तुमच्या दातांमध्ये हा दगड वर्षानुवर्षं साठत गेला. त्यावरच्या जंतूंमुळे हिरडी सुजली, मग दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजलं आणि हिरडी खाली सरकली. रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा किटण भरलं. म्हणजे फट आधीपासून होती, फक्त ती बुजलेली होती. दातही आधीपासून हलत होते, पण दगडाने चार-पाच दात एकमेकांना जखडून ठेवले होते. भिंतीची वीट आतून झिजावी आणि भिंत नुसत्या गिलाव्यावर उभी राहावी, तशातला हा प्रकार. गिलावा काढला म्हणून वीट झिजली, असं म्हणता येत नाही.

आता मशीनबद्दल. किटण काढायच्या या मशीनचं, म्हणजे स्केलरचं, टोक सेकंदाला साधारण पंचवीस ते तीस हजार वेळा थरथरतं, पण ही थरथर मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी इतकी बारीक असते. कानशीने घासावं तसा दात त्याने घासला जात नाही. थरथरीने दगडाला तडे जातात आणि तो सुटा होतो. पाण्याचा फवारा टोक थंड ठेवतो आणि सुटलेला कचरा धुऊन काढतो. टोकाची कड दाताला जवळजवळ समांतर ठेवायची असते. तेच टोक आडवं-तिडवं टेकवलं किंवा फार दाबलं, तर विशेषतः उघड्या मुळावर ओरखडे पडू शकतात. हे काम शिकलेल्या हाताचंच आहे, ते यासाठी.

सणक का येते? दाताच्या माथ्यावर एनॅमलचं कवच असतं, मुळावर नसतं. मुळाच्या पृष्ठभागाखाली सूक्ष्म नळ्या असतात आणि किटणाने त्या झाकलेल्या होत्या. आता त्या उघड्या पडल्या. बहुतेकांची शिवशिव आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होते. पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट दिवसातून दोनदा वापरा. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. लोक चार दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून ट्यूब बाजूला ठेवतात, तिथेच चुकतं.

पण दोन महिन्यांनंतरही दात हलतात, हे तसंच सोडू नका. पुन्हा जा आणि हिरड्यांची खोली मोजून मागा. ती कशी मोजतात, ते पुढच्या एका उत्तरात आहे. झिजलेलं हाड साफसफाईने परत येत नाही, पण हिरडीची सूज उतरली की दात बऱ्याच वेळा थोडे घट्ट वाटू लागतात. तरीही हलत राहिले तर आतल्या बाजूने बारीक तार किंवा फायबरची पट्टी लावून ते एकमेकांना बांधता येतात.

प्रश्न : दर सहा महिन्यांनी स्केलिंग करायलाच हवं का? माझ्या डेंटिस्टकडून दर सहा महिन्यांनी मेसेज येतो. दात दुखत नाहीत, हिरड्यांतून रक्त येत नाही. हा धंदा तर नाही ना?
– वय ३१, पुणे

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत : तपासणी आणि सफाई. त्या वेगळ्या करून पाहू.

‘सहा महिने’ हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे, पण तो प्रत्येक तोंडाला लागू पडत नाही. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २००४ पासून सांगतात की दोन तपासण्यांमधलं अंतर माणसाच्या धोक्यावरून ठरवावं : प्रौढांसाठी ३ ते २४ महिने, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी ३ ते १२ महिने. सफाईबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात असं दिसलं, की हिरड्यांचा गंभीर आजार नसलेल्या आणि नेमाने तपासणीला जाणाऱ्या प्रौढांमध्ये ठरावीक मुदतीने स्केलिंग केलं काय किंवा न केलं काय, दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या सुजेत फारसा फरक पडत नाही.

तेव्हा तुमची शंका अगदीच चुकीची नाही. फक्त त्या आढाव्यातले ‘नेमाने तपासणीला जाणाऱ्या’ हे शब्द सोडून वाचू नका. आपल्याकडे बहुतेक जण दात ठणकल्यावरच जातात. अशा तोंडात दहा वर्षांचं किटण असतं आणि तिथे सफाई हाच उपचार असतो.

आमचं मत असं : तुमच्या वयाच्या, तंबाखू न खाणाऱ्या, मधुमेह नसलेल्या, नवीन कीड नसलेल्या माणसाने वर्षातून एकदा तपासणी करावी आणि किटण दिसलं तरच सफाई करावी. सिगारेट किंवा तंबाखू, मधुमेह, दातांना तारा, तोंड कोरडं पाडणारी औषधं, आधी झालेला हिरड्यांचा आजार, दोन वर्षांत नव्याने भरलेले दात, यातलं काही असेल तर तीन ते सहा महिने. पुढच्या वेळी विचारा, ‘माझी पुढची तारीख सहा महिन्यांचीच का?’ चांगला दंतवैद्य या प्रश्नाने रागावत नाही. तो तुमच्या तोंडातलं कारण दाखवतो.

प्रश्न : तपासणीत नेमकं काय बघतात? माझी तपासणी दोन मिनिटांत संपली. तोंड उघडलं, आरसा फिरवला, ‘सगळं ठीक.’
– निवृत्त शिक्षक, अकोला

उत्तर : दोन मिनिटांत किडलेली दाढ दिसू शकते. तपासणी त्याहून मोठी असते आणि तिची सुरुवात तोंड उघडण्याआधीच होते. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्या किंवा वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन, हे सगळं विचारलं गेलं पाहिजे. शेवटचं विशेष महत्त्वाचं. अशी औषधं चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. ‘त्याचा दाताशी काय संबंध’ म्हणून पेशंट सांगत नाहीत. न विचारता सांगा.

मग जबड्याखालच्या आणि मानेच्या गाठी बोटांनी चाचपायच्या, जबड्याच्या सांध्यावर बोट ठेवून तोंड उघडायला लावायचं. तोंड किती उघडतं तेही बघायचं. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील आणि सुपारी-गुटख्याची सवय असेल, तर दातांआधी या आखडलेल्या तोंडाचा विचार करावा लागतो. त्यानंतर ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, टाळू, घशाची कड. जीभ गॉझच्या तुकड्यात धरून डावीकडे-उजवीकडे ओढून तिच्या कडा आणि जिभेखालचा तळ. तोंडाचा कॅन्सर लपतो तो इथेच, आणि घाईत वगळलं जातं तेही हेच.

मग हिरड्या. यासाठी एक बारीक, मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची सळई असते. ती हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेत हलकेच सरकवायची. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर जाऊन थांबते. चार किंवा त्याहून जास्त गेली तर तिथे खिसा तयार झाला आहे. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात, म्हणून जवळ उभी असलेली सहायक ‘तीन, दोन, तीन, पाच…’ असे आकडे लिहून घेताना ऐकू येते. सळई काढल्यावर रक्ताचा ठिपका आला तर तीही नोंद. पाच-सहा मिलिमीटरच्या खिशात साधं स्केलिंग पोहोचत नाही. भूल देऊन, हाताच्या हत्यारांनी मुळाचा पृष्ठभाग साफ करावा लागतो. तो दोन ते चार बैठकांत होतो आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा खोली मोजून गुण आला का ते बघतात.

दात सर्वांत शेवटी, आणि वाळवून. ओल्या दातावर सुरुवातीची कीड दिसत नाही, हवेने वाळवला की खडूसारखा पांढरा डाग उठतो. दोन दाढांच्या मधली कीड डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी छोटा एक्स-रे लागतो. त्याची भीती नको. अशा एका एक्स-रेमधून मिळणारा किरणोत्सार साधारण एखाद्या दिवसात निसर्गातून आपल्याला मिळतो तेवढाच असतो. मात्र प्रत्येक भेटीत काढायचीही गरज नसते.

पुढच्या वेळी एवढंच विचारा : ‘हिरड्यांचे आकडे किती आले?’ उत्तर नसेल तर मोजलेले नाहीत.

प्रश्न : स्केलिंगने दात पांढरे होतात का? मुलीचं लग्न ठरलं आहे.
– नाशिक

उत्तर : चहा, तंबाखू, पान यांचे वरचे डाग जातात, दाताचा मूळ रंग बदलत नाही. मूळ रंग बहुतेकांचा पिवळसरच असतो. तो उजळायचा तर ब्लीचिंग हा वेगळा उपचार आहे. लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी सफाई आणि मग ब्लीचिंग, या क्रमाने करा. आदल्या आठवड्यात नको, हळदीच्या दिवशी दात शिवशिवत बसतील. आणि ‘घरगुती’ म्हणून कोळशाची पूड, राख, लिंबू-मीठ वापरू देऊ नका. एनॅमल घासलं गेलं की खालचा पिवळा थर जास्तच उठून दिसतो.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. मधुमेह आहे, तीन वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलली, ॲसिट्रॉम चालू आहे. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून त्यांनी ब्रश करणंच सोडलं, बोटाने मंजन लावतात. दात साफ करायचे तर गोळी किती दिवस बंद करायची?
– कोल्हापूर

उत्तर : स्वतःच्या मनाने एक दिवसही नाही. हे आधी नीट सांगतो, कारण यात जीव जाऊ शकतो. कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ती गोळी आहे. हिरडीचं रक्त कापसाने दाबून थांबवता येतं, मेंदूत गेलेली गुठळी थांबवता येत नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनाही हेच लागू, विशेषतः स्टेंट असेल तर.

करायचं ते असं. सफाईच्या आधी ७२ तासांच्या आत, शक्यतो आदल्या दिवशी, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी रक्ततपासणी) तपासा आणि रिपोर्ट हातात घेऊन जा. हृदयविकारतज्ज्ञांचं पत्रही घ्या. कृत्रिम झडप असलेल्यांना हिरडीच्या कामाआधी तासभर अँटिबायोटिकचा एक मोठा डोस द्यावा लागतो. प्रौढांसाठी तो बहुधा ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम असतो, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध. तो डॉक्टरांनीच लिहून द्यायचा. सगळं तोंड एका बैठकीत न करता थोडं थोडं करावं. आणि नंतर कोणी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं, किंवा जुन्या चिठ्ठीवरून मेडिकलवाल्याने दिलं, तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ॲसिट्रॉमसोबत ते घेतलं की रक्त धोकादायकरीत्या पातळ होतं.

मधुमेहाबद्दल : साखर जास्त असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात येत नाही. हे दोन्हीकडून चालतं. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) साधारण ०.३ ते ०.४ ने उतरलेलं आढळतं. अपॉइंटमेंट सकाळची घ्या, नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊनच जा. ‘दाताचं काम आहे’ म्हणून उपाशी येणारे खुर्चीवरच घामाघूम होतात.

आणि ब्रश. रक्त येतं म्हणून ब्रश सोडणं म्हणजे जखमेवरचा मळ जपणं. थर साचतो म्हणून रक्त येतं. मऊ ब्रशने रोज त्याच जागी हलक्या हाताने घासलं तर साधी सूज असल्यास आठवड्या-दहा दिवसांत रक्त कमी होतं. वडिलांच्या बाबतीत पहिला ब्रश सफाईनंतरच्या रात्री सुरू करा.

प्रश्न : मुलगी पाच महिन्यांची गरोदर आहे. हिरड्या सुजल्यात, रक्त येतं. घरचे म्हणतात, बाळंतपणानंतर बघू.
– सांगली

उत्तर : आत्ताच जा. चौथ्या ते सहाव्या महिन्याचा काळ यासाठी सर्वांत सोयीचा असतो. गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे त्याच थोड्याशा थराला हिरडी जास्त जोरात सुजते. कधी दोन दातांमध्ये लालभडक गाठ येते. ती कॅन्सरची नसते आणि बाळंतपणानंतर बहुधा बसते. स्केलिंग, नेहमीची लिग्नोकेनची भूल आणि गरज पडल्यास पोटावर शिशाचा ॲप्रन घालून एक्स-रे, हे सगळं चालतं. टेट्रासायक्लिन गटाची औषधं चालत नाहीत, त्याने बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. खुर्चीवर फार वेळ उताणं झोपवू नये. उजव्या कुशीखाली छोटी उशी ठेवून किंचित डावीकडे कललं की चक्कर येत नाही. उलट्या होत असतील तर उलटीनंतर लगेच ब्रश करू नये. ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने ब्रश.

प्रश्न : नातू सहा वर्षांचा आहे. मागची दाढ किडली आहे. दुधाचे दात पडणारच, मग भरायचे कशाला?
– आजी, चिपळूण

उत्तर : आजी, आधी ती दाढ दुधाचीच आहे ना, एवढं बघून घ्या. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे, दुधाच्या दाढांच्याही मागे, चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी कुठलाच दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. या दाढा कायमच्या असतात. एका बाजूला मधल्या रेषेपासून मोजा : सहावा दात असेल तर तो आयुष्यभराचा. याच दाढेवर ‘दुधाची आहे, पडेल’ म्हणून दुर्लक्ष होतं आणि नववीत जाईपर्यंत ती काढायची वेळ येते.

आणि दुधाची असली तरी ती दहा ते बारा वर्षांपर्यंत राहायची असते. तोवर तिचं ठणकणं, मुलाचं एका बाजूने चावणं चालूच राहतं. ती लवकर काढली तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही, मग तारा लावायचा खर्च.

नव्या दाढांच्या माथ्यावर खोल, अरुंद खाचा असतात. ब्रशचा केस त्या खाचेत जात नाही, पण बिस्किटाचा लगदा जातो. दाढ पूर्ण वर आली की या खाचा पातळ रेझिनने बुजवून घेता येतात. याला सीलंट म्हणतात, भूल लागत नाही, दाढ कोरावी लागत नाही, काही मिनिटांचं काम. काम करताना दाढ कोरडी राहिली नाही तर ते महिन्याभरात निघून येतं, म्हणून पुढच्या तपासणीत टिकलं आहे का बघायचं. कीड होणाऱ्या मुलांना दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइड व्हार्निशही लावतात.

टूथपेस्ट १००० पीपीएम फ्लोराइडची घ्या. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पट्टी दिसते तेवढी कुणालाच लागत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनी करून द्यायचा.

प्रश्न : आई तीस वर्षं मशेरी लावते. दात काळे झालेत. साफ करून मिळतील का? तिला वाटतं, मशेरीमुळेच दात अजून टिकलेत.
– सोलापूर

उत्तर : काळेपणा बराचसा निघेल. पण आईला नेण्याचं खरं कारण वेगळं आहे. मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरडी आजारी असूनही रक्त कमी येतं. ‘माझ्या हिरड्या घट्ट आहेत’ हा समज त्यातूनच. आतल्या आत हाड झिजत राहतं.

बोट जिथे रोज फिरतं आणि मशेरी जिथे धरून ठेवली जाते, ती जागा उजेडात बघा : ओठाची आतली बाजू, गाल, खालची हिरडी. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल डाग, हाताला कडक लागणारी जागा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यांपैकी काही दिसलं तर थांबू नका. अशा जखमेवर ‘तोंड आलंय’ म्हणून महिनाभर जेल लावत बसणं, हा आमच्या मते सर्वांत महाग पडणारा घरगुती उपाय आहे. तुकडा काढून तपासावा लागला तरी ते भूल देऊन होणारं छोटं काम आहे.

मशेरी सोडायला राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा मोफत क्रमांक आहे : १८००-११-२३५६. सकाळची पहिली मशेरी पोट साफ होण्याशी जोडलेली असते, हे आईशी मोकळेपणाने बोला. त्याची वेगळी सोय केल्याशिवाय ती सुटत नाही.

प्रश्न : आमच्या गावात मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. तीन वेळा सफाई केली, जात नाहीत.
– यवतमाळ जिल्हा

उत्तर : चौथ्यांदा करू नका. हे पट्टे दातावर नाहीत, दाताच्या आत आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात हाडात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, असं पाणी पोटात गेलं की एनॅमल नीट पिकत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅम, ही मर्यादा आहे. पाणी तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्याने उलट वाढतं. लहान भावंडांसाठी स्रोत बदलणं हाच उपाय. आलेल्या डागांसाठी वरचा थर हलका घासणं, ब्लीचिंग किंवा दाताच्या रंगाचा लेप असे उपचार मोठेपणी करता येतात.

प्रश्न : भारतात आले की तीन आठवड्यांत दातांचं सगळं करून घेते. यंदा सफाई, एक रूट कॅनाल आणि कॅप करायची आहे. जमेल का?
– लेस्टर, इंग्लंड

उत्तर : जमेल, पण विमानातून उतरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत खुर्चीवर बसलात तर. एक्स-रे आणि सफाई पहिल्या भेटीत, रूट कॅनाल त्याच आठवड्यात, कॅपचं माप दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात कॅप उंच लागली तर घासून घ्यायला वेळ उरतो. शेवटच्या दोन दिवसांत काहीच ठेवू नका. हिरड्यांत खोल खिसे निघाले तर मात्र त्यांची फेरमोजणी दोन-तीन महिन्यांनी लागते, ती तिथेच करावी लागेल. तिथल्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत सर्वांत खालच्या शुल्कगटात तपासणी, एक्स-रे आणि गरज असल्यास सफाई येते. इथले एक्स-रे आणि हिरड्यांचे आकडे ईमेलवर मागून घ्या.

प्रश्न : खासगीत खर्च परवडत नाही. आणि हत्यारं स्वच्छ आहेत हे कसं ओळखायचं?
– डोंबिवली

उत्तर : मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे केसपेपर काढून अगदी कमी पैशांत सफाई होते. विद्यार्थी करतात, शिक्षक तपासतात. खासगीत अर्ध्या तासाचं काम तिथे दीड-दोन तास चालतं. घाई कमी, म्हणून अनेकदा ते जास्त बारकाईने होतं. सकाळी ओपीडी सुरू होण्याआधी रांगेत असलेलं बरं.

हत्यारं सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर फोडली गेली पाहिजेत. पाकिटाच्या कडेला एक छोटी खूण असते, ऑटोक्लेव्ह या निर्जंतुक करायच्या यंत्रात १२१ अंशांवर दाबाखालची वाफ मिळाल्यावर तिचा रंग बदलतो. रंग बदलला आहे का, ते दाखवा म्हणायला लाजू नका. ट्रेमधल्या द्रावणात बुडवून ठेवलेली हत्यारं म्हणजे निर्जंतुक हत्यारं नव्हेत.

प्रश्न : सफाईनंतर घरी काय करू म्हणजे किटण लवकर परत येणार नाही?
– रत्नागिरी

उत्तर : मऊ ब्रश, तोही दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे पंचेचाळीस अंशांत तिरका टेकवून, जागच्या जागी थोडासा हलवायचा. दोन-दोन दातांवर दहा-पंधरा वेळा, मग पुढे. एकूण दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, रात्रीचा चुकवायचा नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ब्रश उभा धरा, आडवा तिथे मावत नाही. झाल्यावर फेस थुंका, खळखळून चुळा भरू नका, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. केस पसरले की ब्रश बदला, साधारण तीन महिन्यांनी.

क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी दिलं असेल तर दोन आठवड्यांच्या वर वापरू नका, दात तपकिरी होतात. ब्रश आणि माउथवॉश यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, टूथपेस्टमुळे त्याचा परिणाम कमी होतो.

दातांमधल्या फटी आता मोकळ्या झाल्या असतील तर तिथे फ्लॉसपेक्षा बाटली घासायच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक इंटरडेंटल ब्रश चांगला. तो वेगवेगळ्या जाडीत मिळतो आणि एकाच तोंडात दोन जाड्या लागू शकतात. फटीत सरकताना केसांचा थोडा अडसर जाणवायला हवा, तार दाताला घासायला नको. तार घासली तर एक नंबर लहान घ्या. कुठेही न टेकता आरपार गेला तर एक नंबर मोठा.